टीएसएच वाढलेला असताना गोळी कशासाठी?

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, रिपोर्टमधला थायरॉईडचा आकडा आधीच वाढलेला असताना डॉक्टरांनी थायरॉईडचीच गोळी का दिली, हा तुझा प्रश्न रास्त आहे. त्या शंकेपोटी तू गोळ्या अजून सुरूच केल्या नाहीत हे कळले आणि काळजी वाटली. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

वाढला आहे तो टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक (हार्मोन), आणि टीएसएच थायरॉईड ग्रंथीत तयारच होत नाही. तो येतो पिट्युटरी ग्रंथीतून. मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातल्या एका खोलगट जागेत बसलेली ही ग्रंथी वाटाण्याएवढी, साधारण अर्धा ग्रॅम वजनाची असते आणि एका बारीक देठाने मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागाला जोडलेली असते. रक्तातले थायरॉईड संप्रेरक कमी पडू लागले की हायपोथॅलॅमस त्या देठातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत टीआरएच नावाचे संप्रेरक सोडतो, त्याच्या प्रभावाने पिट्युटरी टीएसएच तयार करते आणि हा टीएसएच रक्तावाटे गळ्यातल्या थायरॉईडपर्यंत जाऊन तिला कामाला लावतो. संप्रेरक पुरेसे झाले की वरचे दोघेही हात आखडता घेतात. तुझी थायरॉईड थकली आहे, म्हणून पिट्युटरी अधिकाधिक जोर लावते आहे. रिपोर्टमधला मोठा आकडा त्या जोराचा आहे. त्याच कागदावर टी-४ चा, म्हणजे थायरॉईडच्या स्वतःच्या संप्रेरकाचा, आकडा बघ, तो मर्यादेच्या खाली आहे. गोळी ही उणीव भरून काढते, आणि ती भरली की टीएसएच आपोआप उतरतो.

हा दुवा कळायला विज्ञानालाही फार कष्ट पडले. रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांनी लाखो मेंढ्या-डुकरांच्या हायपोथॅलॅमसमधून काही मिलिग्रॅम टीआरएच वेगळे केले, तेव्हा कुठे १९६९ मध्ये त्याची रचना उलगडली. १९७७ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले आणि त्यांच्यासोबत रोझलिन यालो यांनाही, रक्तातली अत्यल्प संप्रेरके मोजण्याची पद्धत शोधल्याबद्दल. ते मोजमाप नसते, तर पंख्याखाली तुला भरणारी हुडहुडी, बद्धकोष्ठ, मंदावलेले बोलणे आणि विसरभोळेपणा हे सारे आपण वयाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो असतो.

मात्र धीर धरावा लागेल. टी-४ शरीरात निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात आणि पिट्युटरी नव्या पातळीला हळूहळू जुळवून घेते, म्हणून फेरतपासणी सहा ते आठ आठवड्यांनी सांगितली आहे. उतारवयात हृदयावर ताण येऊ नये यासाठी मात्रा लहान ठेवून ती बेताबेताने वाढवतात. तेव्हा गोळी कमी शक्तीची दिली म्हणून मनात किंतु आणू नकोस. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घे, नंतर किमान अर्धा तास काही खाऊ-पिऊ नकोस, आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी घे.

बाबा, तुमचे उलट आहे. दम लागणे थांबले म्हणून स्टेरॉईडच्या गोळ्या एकदम बंद करण्याचा तुमचा विचार आहे, पण तसे कृपा करून करू नका. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडून कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉईड, करवून घेण्याचे कामही हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीच करतात. इतके आठवडे बाहेरून स्टेरॉईड मिळत असल्याने त्यांनी ते काम जवळजवळ थांबवलेले असू शकते, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीही सुस्तावतात. ही साखळी पुन्हा सुरू व्हायला काही आठवडे, कधी कधी कित्येक महिने लागतात. तेवढ्यात गोळी अचानक सुटली, तर रक्तदाब घसरतो, गळून गेल्यासारखे होते, उलट्या होतात. अंगात ताप असताना किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी तर जिवावर बेतू शकते. डॉक्टर ज्या क्रमाने मात्रा कमी करायला सांगतील त्याच क्रमाने करा, आणि दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तरी या गोळ्यांचा उल्लेख आवर्जून करा.

आई, तू केसांसाठी घेतेस त्या गोळीत बायोटिन आहे. काही प्रयोगशाळांच्या चाचणीत त्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो. रक्त देण्यापूर्वी ती किती दिवस बंद ठेवायची, हे डॉक्टरांना विचारून घे आणि मला कळव.

तुमची लेक