जुन्या फोटोतल्या बायकांची नावं छापा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांचे जुने फोटो येतात ते मी आवर्जून बघते, पण हल्ली त्यातले बरेचसे अ‍ॅपमधून रंगवलेले असतात, नऊवारीला भलताच रंग, गालावर लाली आणि ओठांवर मूळ फोटोत नसलेलं हसू पण. खाली ओळ काय तर "अमुकराव सपत्नीक". राहवलं नाही म्हणून लिहितेय.

जुन्या फोटोंवर काही कामच करू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. इराणच्या शादी गदिरियान यांनी 1998 च्या सुमारास केलेली 'काजार' ही फोटोमालिका बघा. काजार राजवटीत (ती 1925 पर्यंत होती) स्टुडिओत बायकांचे फोटो जसे काढायचे तसाच रंगवलेला पडदा, तसेच कपडे, तोच तपकिरी रंग, आणि बाईच्या हातात पेप्सीचा कॅन, कुणाकडे मोठा टेपरेकॉर्डर, कुणाजवळ सायकल. आधी गंमत वाटते, मग कळतं की वस्तू नव्या आल्या तरी बाईने काय घालायचं, कसं उभं राहायचं हे अजून दुसरंच कोणीतरी ठरवतंय.

आपल्याकडे बेंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी फोटोग्राफर क्लेअर आर्नी यांच्यासोबत 2000 ते 2004 मध्ये असंच मोठं काम केलं, त्या स्वतःच जुन्या फोटोंतल्या आणि चित्रांतल्या बायका होऊन उभ्या राहिल्या, रविवर्म्याची चांदण्यातली बाई पण त्यात आहे. माझ्या अंगावर आला तो चौकड्यांच्या पडद्यासमोरचा फोटो. 1869 मध्ये लॅम्प्रे नावाच्या साहेबाने माणसांची शरीरं मोजायला दोन-दोन इंचांच्या चौकोनांची जाळी सुचवली होती, मग वसाहतींमधल्या लोकांना अशा चौकोनांपुढे उभं करून फोटो काढले गेले, नमुना म्हणून. तिथे एक आजची बाई आपणहून उभी राहते आणि बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं, हेच तर त्या कामाचं बळ आहे.

आपल्या घरच्या फोटोंत मोजपट्टी नाही, पण नवरा खुर्चीत, बायको बाजूला उभी, पदर डोक्यावरून, ही पोझ तिला कोणी विचारून दिली होती का? हैदराबादला लाला दीन दयाळ यांनी 1892 मध्ये बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तिथे फोटो काढायला पण बाईच होती, म्हणजे पडदा पाळणाऱ्या बाईचा नुसता फोटो काढायचा तर एवढी व्यवस्था लागत होती. त्या चेहऱ्यावरचा ताण हाच त्या काळाचा पुरावा आहे आणि अ‍ॅप नेमका तोच पुसून टाकतं, याचा मला खरंच राग येतो.

डॉ. आनंदीबाई जोशींचा 1885 चा, अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या त्यांच्या मेडिकल कॉलेजचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय, सोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. त्या फोटोखाली तिघींची नावं आहेत, गावं आहेत. परक्या देशातल्या कॉलेजला हे तेव्हा जमलं तर आपल्याला आज का जमू नये?

तर विनंती एवढीच, की फोटो मागवताना त्यातल्या प्रत्येक बाईचं नाव, माहेरचं नाव आणि ती दिवसभर काय करायची ते पण विचारा. आजेसासूबाईंचं माहेरचं नाव शोधायला मला कितीतरी नातेवाइकांना फोन करावे लागले, पण मिळालं शेवटी. आणि कोणी रंगवलेला फोटो पाठवलाच तर शेजारी मूळ फोटो पण छापा, छोटा असला तरी चालेल.

– एक वाचक, सांगली