कोटेशनवर लाल पेन फिरवणाऱ्या एडिटरीणबाईंना अनावृत पत्र

सदाशिव पेठ, पुणे

चि. एडिटरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

नाव छापायचं नाही असं तू बजावलं आहेस, म्हणून हे संबोधन. पत्र मात्र मुद्दाम उघडं लिहितोय. लग्न-मुंजीचं शूटिंग करणारे माझ्यासारखे या शहरात पुष्कळ आहेत, आणि जुन्या कॅसेटींची पिशवी घेऊन येणारी गिऱ्हाइकं आता सगळ्यांच्याच दारात आहेत. आभार तुझे, पण त्यातलं कामाचं त्यांनाही मिळू दे.

माझं दुखणं तुला माहीतच आहे. कपाटभर व्हीएचएस, त्यानंतरच्या मिनीडीव्ही, आणि वर चालू सीझनची लग्नं, ती फोर-केमध्ये. जुना संगणक एका एक्सपोर्टला रात्र घ्यायचा. म्हणून एका दुकानातून नव्या मशीनचं कोटेशन आणलं होतं. वर ठळक अक्षरांत 'व्हिडिओसाठी खास' आणि खाली प्रोसेसर, कार्ड, रॅम, एसएमपीएस अशी यादी. जिन्यात भेटलीस, कागद हातात घेतलास. बजेट किती असं विचारशील वाटलं होतं. तू विचारलंस, "काका, काम घाईचं आहे की ठेवणीचं?"

दोन्ही, असं मी म्हणालो. "मग दोन्हींचा हिशोब वेगळा," म्हणालीस आणि लाल पेन काढलंस.

पहिली खूण प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या 'एफ'वर. इंटेलने 2011 पासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्येच व्हिडिओ एनकोड करणारा, म्हणजे दाबून लहान फाइल करणारा, एक वेगळा भाग दिला आहे, क्विक सिंक नावाचा. 'एफ' असला की ते ग्राफिक्स बंद, म्हणजे क्विक सिंकही नाही. दुसरी खूण ग्राफिक कार्डावर. एनव्हिडियाच्या कार्डांत 2012 पासून असाच एक भाग, एनव्हेंक, असतो, पण यादीतल्या जीटी 1030 मध्ये तो नाहीच. थोडक्यात, 'व्हिडिओसाठी खास' मशीनमध्ये व्हिडिओ एनकोड करणारा खास भाग औषधालाही नव्हता! दुकानदाराचा काही डाव असेल असं मला वाटत नाही. त्याच्याकडे जे पडून होतं ते त्याने लिहिलं. पण यादी वाचायची कशी हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. जीटीएक्स 1650 चंही तेव्हाच कळलं: साध्या 1650 मध्ये आधीच्या पिढीचा एनकोडर, आणि 1650 सुपरमध्ये नवा. तपकीर गल्लीत सेकंडहँड कार्ड बघणाऱ्यांनी हा 'सुपर' शब्द खोक्यावर नीट वाचावा.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ती गोष्ट पुढची. भाग ठरवायच्या आधी तू म्हणालीस, "तुमच्याकडचा सगळ्यात अवघड एक मिनिट द्या." इतकी वर्षं या धंद्यात आहे, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी क्षणभरही विचार न करता शेवटचं मंगलाष्टक दिलं. 'शुभमंगल सावधान', अंतरपाट बाजूला, चारी बाजूंनी अक्षता, त्यात फोटोग्राफरांचे फ्लॅश आणि मागे हलणारी गर्दी. शूटिंगला हा क्षण अवघड असतो हे मला ठाऊक होतं. एनकोडरलाही तोच सगळ्यात जड जातो हे तुझ्याकडून कळलं. एनकोडर जागा वाचवतो ती मागच्या फ्रेममधला तुकडा पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकला हे शोधून. अक्षतांचा प्रत्येक दाणा आपल्या वाटेने जातो, मध्येच दिसतो, मध्येच नाहीसा होतो, आणि फ्लॅश पडला की अख्खी फ्रेमच पांढरी. मागचं काही उपयोगी पडत नाही, सगळं नव्याने लिहावं लागतं.

तो मिनिट तू तुझ्या मशीनवर दोन प्रकारे काढलास, बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा ते, दोन्हीकडे सारखा आणि मुद्दाम कमी. क्विक सिंकने काढलेला बघता बघता झाला. एक्स-264 ने, म्हणजे प्रोसेसरवरच चालणाऱ्या एच-264 च्या एनकोडर सॉफ्टवेअरने, 'स्लो' या सावकाश सेटिंगवर काढलेला रेंगाळला. मग दोन्ही शेजारी लावून फ्रेम थांबवलीस. पहिल्यात अक्षतांचे चौकोनी ठिपके झाले होते आणि शालूची जर पुसल्यासारखी. दुसऱ्यात दाणे सुटे दिसत होते. नंतर बिटरेट बराच वाढवून पुन्हा काढलास, तेव्हा दोन्हींत फरक शोधायला मला चष्मा पुसावा लागला. नेटफ्लिक्सने 2016 मध्ये खुलं केलेलं व्हीमॅफ नावाचं चित्राच्या दर्जाचं मोजमापही तू चालवून दाखवलंस. आकडा चांगला आहे, पण नवरीच्या आईची नजर त्याहून कडक असते हे माझं मत कायम.

त्या दोन फ्रेमांनी माझं मशीन ठरवलं. घाईचं काम, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रती, क्विक सिंकवर. फाइल थोडी मोठी झाली तर होऊ दे. ठेवणीचं काम प्रोसेसरच्या कोअर्सवर, एक्स-264, 'स्लो', सीआरएफ 18. सीआरएफ म्हणजे दर्जा ठरवणारा अंक, तो जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. काही न सांगता सोडलं तर तो 23 धरतो. मिनीडीव्हीची मूळ फाइल मात्र कधीच फेकायची नाही, हे तू दरडावून सांगितलंस. फायरवायर केबलने कॅमेऱ्यातून संगणकात घेतलेली डीव्ही ही कॅसेटवरच्या डेटाची जशीच्या तशी नक्कल असते, त्यात नव्याने एनकोडिंग नाहीच. तासाला साधारण 13 जीबी, म्हणजे चार टीबीच्या साध्या हार्डडिस्कवर तीनशे तास बसतात. त्यासाठी एनव्हीएमईसारखी महाग, वेगवान डिस्क लागत नाही, कारण डेटा सेकंदाला चार एमबीच्याही आतच येतो.

प्रोसेसरचं आपलं भांडण आठवतंय? मला जास्तीत जास्त कोअर्सचा हवा होता. तू कोटेशनच्याच पाठीमागे चौकटी काढल्यास. एक्स-265, म्हणजे एच-265 साठीचा तसाच एनकोडर, फ्रेमचे 64 बाय 64 चे चौकोन पाडतो आणि ओळीओळीने थ्रेडांना वाटतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या कॅसेटला वरून खाली 576 रेषा, म्हणजे ओळी फक्त नऊ. पुढच्या-मागच्या फ्रेमा थोड्या एकदम चालतात हे खरं, तरी वीस-तीस थ्रेड एका कॅसेटवर पुरते जुंपता येत नाहीत. "मोठा प्रोसेसर घेण्यापेक्षा दोन-तीन कॅसेटी एकदम लावा," म्हणालीस. शेवटी आय-फाइव्ह 14500 घेतला, 'एफ' नसलेला. चौदा कोअर्स, वीस थ्रेड, आत यूएचडी 770 ग्राफिक्स. तीन कॅसेटी समांतर चालतात आणि टास्क मॅनेजरचे सगळे डबे भरलेले दिसतात. माझ्यासारख्या कंजुषाला ते बघायला फार आवडतं.

त्याच ग्राफिक्सचा दुसरा फायदा नव्या कॅमेऱ्याला झाला. दहा बिट, 4:2:2 चं, म्हणजे रंगाची जास्त माहिती असलेलं, एच-265 फुटेज इंटेल डेस्कटॉपवर अकराव्या पिढीपासून हार्डवेअरने उलगडतो. एनव्हिडियाकडे हे 2025 च्या 50 सिरीजपर्यंत नव्हतं. म्हणजे महाग कार्ड घालूनही टाइमलाइन अडखळलीच असती. मात्र तेच 4:2:2 एच-264 मध्ये शूट केलं तर माझ्या मशीनचा क्विक सिंक हात वर करतो. म्हणून कॅमेऱ्याच्या मेनूत एच-265 ठेवायचं. हे तू कार्डाच्या पाकिटावर लिहून दिलं होतंस, पाकीट अजून बॅगेत आहे.

एव्ही-1 या एच-265 नंतरच्या नव्या फॉरमॅटचा मोह तू काढून टाकलास ते बरं झालं. इंटेल आर्क आणि एनव्हिडियाच्या 40 सिरीजपासून, म्हणजे 2022 पासून, कार्डं ते एनकोड करतात आणि फाइल लहान होते हे मान्य. पण आयफोनमध्ये ते हार्डवेअरने चालायला 15 प्रो उजाडावा लागला, आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या घरचे टीव्ही त्याहून जुने. एच-264 कुठेही चालतं. गिऱ्हाइकाचा फोन रात्री दहाला येऊ नये, एवढंच मला हवं असतं.

वाचलेले पैसे कुठे घालायचे हेही तूच ठरवलंस. रॅम सोळा जीबी, पण दोन पट्ट्यांत. पीसीआय एक्स्प्रेसचा मोकळा स्लॉट असलेला मदरबोर्ड, कारण आता फायरवायरचं पोर्ट बोर्डावर कुठून येणार, वेगळं कार्डच लावावं लागतं. बरा कूलर. आणि यूपीएस. एनकोडिंगमध्ये प्रोसेसर तासन् तास शंभर टक्क्यांवर असतो, गेमसारखा मधूनमधून दम खात नाही. 14500 हा 65 वॉटचा म्हणून विकतात, पण जोरात असताना 154 वॉटपर्यंत जातो. माझी खोली पत्र्याखालची, एप्रिल-मेमध्ये भाकरी भाजावी अशी. बायोसमध्ये जाऊन तू त्याला 65 वॉटवर बांधून ठेवलंस. वेग थोडा उतरला, पंख्याचा आवाज बराच उतरला, आणि घरातून येणारी तक्रार तर पूर्णच थांबली.

यूपीएस असूनही एकदा वीज जास्त वेळ गेली. एमपी-4 ची अनुक्रमणिका साधारणपणे फाइलच्या शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच बंद पडलेली फाइल उघडतच नाही, हे तू आधी सांगून ठेवलं होतंस. मी आधी एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत काढत होतो, म्हणून जेवढं झालं होतं तेवढं दिसलं तरी. पूर्ण झालं की एमपी-4 मध्ये नुसता डबा, म्हणजे फाइलचं वेष्टन, बदलायचा, पुन्हा एनकोड करायचं नाही. ही युक्ती मी आता सगळ्यांना सांगतो, तुझं नाव न घेता.

फील्डचंही राहिलंच. कॅसेटवरची एकेक फ्रेम एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्यांत साठवलेली असते, त्या अर्ध्याला फील्ड म्हणतात. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं. उलटं धरलं की खाली पडणाऱ्या अक्षता मागेपुढे थरथरतात. सेकंदाच्या पन्नास फील्डांच्या पन्नास फ्रेमा करायच्या, पंचवीस नाही, हे पटायला मला वेळ लागला. बँडवाल्याचा नाचता पाय एकदा दोन्हींत पाहिला आणि पटलं.

व्हीएचएसच्या चित्रातल्या खरखरीवर मात्र आपलं अजून जमलेलं नाही. खरखर एनकोडरचे बिट खाते हे मान्य, पण तू ती इतकी घासतेस की भटजींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही जातात. मी फिल्टर निम्म्यावर ठेवलाय आणि फाइल मोठी होऊ दिली आहे. पटत नसेल तर रविवारी ये, दोन्ही प्रती काढून ठेवल्यात. काकूने साबुदाण्याची खिचडी करायचं कबूल केलंय, भांडण त्यानंतर.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा काका