पावती जपून ठेव

लातूर
सोमवार, रात्री

चि. वैशूस अनेक आशीर्वाद.

फोन तू आधी ठेवलास की मी, ते आता सोडून देऊ. आवाज माझाच चढला होता. भाकरी थापता थापता तुझ्या आईचा हात थांबला तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं, पण तोवर तू ठेवला होतास. म्हणून लिहायला बसलोय. समोरासमोर किंवा फोनवर माझ्या तोंडून नीट निघत नाही, कागदावर बरं जमतं.

शुक्रवारपर्यंत तुला फॉर्म भरायचाय. भाषेचे दोन सेमिस्टर आणि संस्कृतीचा एक पेपर. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, यातलं एक काहीतरी. मी म्हणालो फ्रेंच घे, सगळे घेतात. तू म्हणालीस पोर्तुगीज. त्यावर "पोर्तुगीज शिकून काय गोव्यात हॉटेल टाकणार का" असं बापानं लेकीला म्हणायला नको होतं. तुझं अर्थशास्त्र चांगलं चाललंय, तू विचार करून निवडतेस, हे मला माहीत आहे. तो शब्द मी माघारी घेतो.

फक्त एक विचारतो, रागावू नको. हा वर्ग पुढच्या सेमिस्टरला चालू राहणार आहे का? कुणी लेखी दिलंय का?

मी हे का विचारतो ते तुला अर्धंच माहीत आहे. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला दुसरी भाषा घ्यावी लागायची. सगळ्यांनी हिंदी घेतली, मी उर्दू घेतली, आबांसाठी. वर्गात आम्ही चौघं. दिवाळीनंतर सर दुसरीकडं गेले आणि वर्ग बंद पडला. ऑफिसातला माणूस म्हणाला, हिंदीला बसा, काही होत नाही. बसलो. फॉर्मवर उर्दू आणि उत्तरपत्रिका हिंदीची. निकाल राखीव. पुढची दोन वर्षं पास होत गेलो, पण तो एक पेपर तसाच राहिला. विद्यापीठात तीन चकरा मारल्या. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या माणसानं विचारलं, "कॉलेजनं लेखी काय दिलंय?" माझ्याकडं लेखी काहीच नव्हतं. त्याच साली मृगाच्या तोंडावर आबांना झटका आला, पेरणी माझ्यावर पडली, आणि खरीप उरकल्यावर मी मोंढ्यात मुनीम म्हणून लागलो. आमच्या लग्नाच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढं बी.कॉम. छापलंय. ते खरं नव्हतं. थोरल्या काकांनी छापून आणलं आणि मी काही बोललो नाही. हे तुझ्या आईलाही लग्नानंतर दोन वर्षांनी सांगितलं.

म्हणून सांगतो, ऑफिसात स्वतः जा. मुनिमाच्या भाषेत सांगायचं तर रक्कम बरोबर असून उपयोग नाही, ती बरोबर खात्यात पडली पाहिजे. नाहीतर रोजकीर्द बरोबर दिसते आणि वर्षअखेरीला ताळा लागत नाही. गल्लीतल्या गुरुजींकडं बसून मी समजून घेतलं. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, चौथं वर्ष केलं तर १६०. बेरीज १२० झाली तरी भाषेच्या खात्यात कमी आणि ऐच्छिकच्या खात्यात जास्त असेल तर अडकतं. संस्कृतीचा पेपर इंग्रजीतून असतो म्हणालीस. तो भाषेत मोजत नाहीत हे नक्की का? पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, आणि दुसरा भाग वर्षातून एकदाच लागतो का? पोरं कमी असली तर वर्ग रद्द होतो का? आणि झाला तर तुझं पुढं काय?

बघ, परत तेच. शिकवायचं नाही असं ठरवून बसलो होतो आणि मास्तर होऊन बसलो. तुला हे सगळं माझ्याआधी सुचलं असणार. माफ कर. पण विचार.

काल रात्री झोप लागली नाही, तेव्हा तू सांगितलेले, पोर्तुगीजमधून मराठीत आलेले शब्द आठवत पडलो होतो. चावी, पगार, पाव, बटाटा, घमेलं. आणि लिलाव! तू म्हणालीस तिकडं त्याला 'लेइलांव' असं काहीतरी नाकातून म्हणतात. वैशू, पस्तीस वर्षं मी दुपारच्या लिलावात उभा आहे. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतली मूठ काढायची, दाणा दाताखाली फोडायचा. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की दात सांगतात, यंत्र नंतर येतं. मग बोली सुरू. इतकी वर्षं हा शब्द तोंडात आहे आणि तो समुद्रावरून आलाय हे मला माझ्या लेकीनं सांगितलं. आज लिलाव पुकारला तेव्हा मी नुसता उभा राहिलो. हमालानं विचारलं, मुनीमजी, तब्येत बरी आहे ना?

आणि तुझं ब्राझीलचं म्हणणं मला पटलंय, ते फोनवर बोललो नाही एवढंच. आपल्याकडं दसऱ्या-दिवाळीला सोयाबीन मोंढ्यात येतं तेव्हा तिकडं पेरणी चालू असते. जगात सगळ्यात जास्त सोयाबीन ब्राझीलचं. तिकडं पाऊस चांगला झाल्याची बातमी आली की शिकागोच्या बाजारातला भाव उतरतो आणि दोन दिवसांत औशाच्या शेतकऱ्याचं तोंड उतरतं. असं का होतं ते त्याला कुणी सांगत नाही. बाहेरून सोयाबीनचं तेल येतं ते जास्त करून अर्जेंटिनाचं, तिथं स्पॅनिश, ब्राझीलला पोर्तुगीज. एवढ्या माणसांचं पोट ज्या मुलखावर हलतं, त्या मुलखाची भाषा आपल्यातल्या एखाद्या पोरीला यावी, यात चूक काहीच नाही. उलट छाती भरून येते. दुकानात तीन जणांना सांगून झालंय.

मात्र मैत्रीण म्हणते म्हणून ऐच्छिकमध्ये स्पॅनिशही सोबत घेऊ नको. दोघी सख्ख्या बहिणी, लॅटिनच्या लेकी. आपलं मराठी-कोकणीसारखं. नव्यानं शिकताना एकीचा शब्द दुसरीच्या वाक्यात जाणार. एक पक्की होऊ दे, दुसरी मग लवकर येईल. पहिल्या दोन सेमिस्टरांत फार बोलता येणार नाही म्हणून खचू नको. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या धरतात ना, तू पहिली-दुसरीवर असशील. टेबल आपल्याकडं 'ते' आणि त्यांच्याकडं 'ती', हे तुला जड जाणार नाही. तीन लिंगं सांभाळणाऱ्या पोरीला दोन काय अवघड.

आबांचं सांगायचं राहिलं. त्यांची शाळा निजामाच्या राज्यातली. वरच्या वर्गात सगळं उर्दूतून, गणितसुद्धा. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य गेलं तेव्हा ते पंधराचे होते. शिकलेलं सगळं एका दिवसात जुनं झाल्यासारखं वाटलं, असं म्हणायचे. पण जमिनीचे जुने कागद घेऊन लोक त्यांच्याकडं यायचे. ओसरीवर बसून आबा कागद उजेडाकडं धरायचे. बोट उजवीकडून डावीकडं सरकायचं, ओठ हलायचे, आणि समोरचा माणूस श्वास धरून बसलेला. मग आबा मराठीत सांगायचे, "तुझ्या आज्याचंच नाव आहे गड्या." कधी पैसे घेतले नाहीत. चहा मात्र आजीला सारखा टाकावा लागायचा. मला ती भाषा शिकायची होती ती त्या ओसरीसाठी. माझी अक्षरओळखीपुढं गेली नाही. त्यांचे कागद अजून ट्रंकेत आहेत आणि मला ते वाचता येत नाहीत.

तू म्हणालीस, दोन सेमिस्टर झाले की तिकडं काही महिने जायलाही अर्ज करता येतो. त्यावर मी गप्प बसलो होतो. खरं तर भांडण तिथंच सुरू झालं, फ्रेंचवर नाही. हैदराबाद मला लांब वाटत नाही. रात्री एसटीत बसलं की बीदर, जहिराबाद करत सकाळी तुझ्या फाटकाशी. ब्राझीलला कुठल्या गाडीनं येऊ? तुझा दादा पुण्याला गेला, तो सणापुरता येतो. आजीचं डोळ्याचं तुला माहीतच आहे, ती रोज विचारते, वैशू कधी. पण जायचं झालं तर जा. मी अडवणार नाही. माझ्यासारखं घरच्यांसाठी अर्ध्यात सोडू नको. जाशील तेव्हा तिथले क्रेडिट इथं कुठल्या खात्यात धरणार, ते मात्र आधी...

असो.

तुझ्या आईनं शेंगदाण्याची चटणी कुटलीय. तिला सांगितलं, यातली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजातून आली आणि शेंगदाणाही मूळचा ब्राझीलच्या बाजूचाच. ती म्हणाली, मग पोरीला तिकडं जेवणाची अडचण नाही. माझ्याशी ती दोन दिवसांनी बोललेलं हे पहिलं वाक्य. डबा शिंदे काकांच्या मुलाबरोबर बुधवारी पाठवतो. तो येईल तेव्हा झाकण घट्ट आहे का बघ, तेल सुटलंय.

फॉर्म भर. पोर्तुगीजच भर.

तुझे
बाबा

ता. क. भरल्यावर जी पावती निघेल तिचा फोटो मला पाठव. आणि छापील प्रत काढून फाइलला लाव. मीही एक काढून ट्रंकेत ठेवतो, आबांच्या कागदांजवळ.