सागानाकी पेटते ती शिकागोची!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला शिकागोच्या ग्रीकटाउनवरचा लेख वाचला. तिथली ग्रीक हॉटेलं एकेक करून बंद पडल्याची लेखकमहाशयांची हळहळ पोचली. पण टेबलापाशी चीज पेटवण्याला त्यांनी ‘हजारो वर्षांची ग्रीक परंपरा’ म्हटलंय, तिथे माझा चहा गार झाला. तळलेलं चीज, म्हणजे सागानाकी, ग्रीसचं खरं. त्यावर ब्रँडी ओतून काडी लावायची आणि ‘ओपा!’ ओरडायचं, हा उद्योग शिकागोचा. हॉलस्टेड स्ट्रीटवर १९६८ साली निघालेलं ‘पार्थेनॉन’ त्याचं श्रेय घ्यायचं. म्हणजे ही परंपरा माझ्या धाकट्या भावाहूनही लहान!

एवढं ठासून सांगतो, कारण १९७९ साली त्यात माझ्या मिशा जळल्या आहेत.

मी तिथल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सर्कल कॅम्पसवर एम.एस. करत होतो. तेलुगू रूममेटला असिस्टंटशिप मिळाली, म्हणून त्याने हॉलस्टेडवर जेवायला नेलं. त्याने ‘जायरो’ (पोळीत गुंडाळलेलं भाजलेलं मांस) मागितलं. म्हाताऱ्या वेटरने त्याच्याकडून तीनदा ‘यीरो’ म्हणवून घेतलं आणि मगच ऑर्डर लिहिली. (आपल्या लेखात पाच ठिकाणी ‘जायरो’ आहे.) मी शाकाहारी. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांतसुद्धा खिमा! वेटर म्हणाला, चीज खातोस ना? तव्यात काय आहे ते बघायला मी वाकलो आणि भडका! सगळं हॉटेल ‘ओपा’ ओरडलं, मी ‘आई गं’. त्याने लिंबू पिळून जाळ विझवला, ओला नॅपकिन दिला आणि दुसरी प्लेट आणली, तिचे पैसे लावले नाहीत. ब्रँडीचं मी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

कुठे शिकतोस, म्हणून त्याने विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, “लायब्ररीत बसतोस? तिथेच कुठेतरी माझ्या काकाचं कॉफीचं दुकान होतं.”

आपल्या लेखात याबद्दल एक ओळ आहे: ‘जवळच विद्यापीठ आहे.’ वा! हॉलस्टेड, हॅरिसन आणि ब्लू आयलंड या रस्त्यांच्या तिकोनात ग्रीकांची खरी वस्ती होती, तिला ‘डेल्टा’ म्हणत. आधी एक्स्प्रेसवेने तिचा लचका तोडला, मग १९६५ साली उघडलेल्या आमच्या कॅम्पसने उरलेली गिळली. समाजसेविका जेन अॅडम्सबाईंचं हल हाउस, म्हणजे परदेशातून आलेल्या गरिबांसाठीचं सेवाकेंद्र, तिथेच होतं; त्याच्या तेरा इमारतींपैकी दोन राहिल्या. घरं गेली, माणसं पांगली, आणि एक्स्प्रेसवेच्या उत्तरेला राहिली ती हॉटेलं. लेखक ज्याच्यासाठी रडतात ते हे दुसरं ग्रीकटाउन. पहिलं गेलं त्या जागेवर मी स्कॉलरशिप घेऊन शिकलो, तेव्हा मलाही फार बोलायला तोंड नाही.

‘पुढच्या पिढीला गल्ल्यावर बसायची लाज वाटली’ हे वाक्य मात्र झोंबलं. माझ्या वडिलांचं किराणा दुकान मी चालवलं नाही, त्याबद्दल कुणी पुरवणी काढली नव्हती. पोरांनी शिकावं म्हणूनच बाप गल्ल्यावर बसला होता ना? शिवाय शेजारी जागांचे भाव काय झाले ते बघा. २०१८ साली मॅकडोनल्ड्सचं मुख्यालयच जवळच्या रँडॉल्फ स्ट्रीटवर आलं. ‘पार्थेनॉन’ २०१६ ला बंद झालं, ‘पेगॅसस’ त्याच्या पुढच्या वर्षी. पण २०१९ साली मुलीकडे गेलो, तेव्हा १९७१ पासूनच्या ‘ग्रीक आयलंड्स’मध्ये टेबलासाठी अर्धा तास थांबलो होतो. मृत्युलेखाची एवढी घाई कशाला? आणि प्रत्येक बंद हॉटेलाला आपल्या इराण्यांची उपमा दिलीच पाहिजे का?

कृपया चूक दुरुस्ती छापावी, आतल्या पानावर का होईना.

जाता जाता: महिनाभर शब्दकोड्याची उत्तरं दुसऱ्या दिवशी सापडत नाहीत. मागच्या रविवारचा १४ उभा काय होता, तेवढं तरी कळवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोथरूड, पुणे