उजवी सीट रिकामी आहे

पुणे,
रविवार रात्र

प्रिय नंद्या,

माझ्या घरच्या सिम्युलेटरला, म्हणजे त्या नकली कॉकपिटला, आरसा लागला रे! काल रात्री पावणेबाराला मुंबईची २७ नंबरची धावपट्टी खरोखर दूर दिसली. दूर म्हणजे डोळ्यांना दूर.

मे महिन्यात उजव्या सीटवर बसून तू म्हणालास, "धावपट्टी तुझ्या समोर आहे, माझ्या डावीकडे." तेव्हा राग आला होता, पण दुखणं नेमकं तेच होतं. पडदा दीड मीटरवर असला की दोघांना ती समोर दिसणारच कशी? एअरलाइनच्या सिम्युलेटरमध्ये म्हणूनच अंतर्गोल आरसा असतो. चित्र डोक्यावरच्या पडद्यावर पडतं, आपण बघतो ते आरशातलं प्रतिबिंब. माझ्या आरशाची त्रिज्या १८० सेंमी, म्हणजे नाभी ९० वर. पडदा त्याच्या किंचित आत ठेवला की प्रतिबिंब पार दूर जातं, मग दोन्ही सीटवरून ते समोरच दिसतं. शाळेतलंच प्रकाशशास्त्र!

एवढी मोठी काच परवडणार थोडीच? प्लायवूडचं हवाबंद खोकं केलं, तोंडावर चकचकीत मायलर फिल्म ताणून चिकटवली आणि मागून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढली. सुरकुत्या एकेक करून विरतात, ते बघायला हवं होतंस. भाकरी फुगते ना, त्याच्या बरोबर उलट. पण पहिल्याच दिवशी वीस मिनिटांत जळका वास! क्लीनरची मोटार आतून जाणाऱ्या हवेवरच थंड होते, आणि मी हवाच कोंडलेली. आता पाइपला भोक पाडून त्यावर सरकती पट्टी बसवलीय. थोडी बाहेरची हवा आत येते, मोटार वाचते, आणि पट्टी सरकवून फिल्मचा बाकही कमीजास्त करता येतो. अख्ख्या खटाटोपात हुशारीची गोष्ट तेवढीच, तीही चुकून सापडलेली.

पडद्यावर चित्र मागून टाकायचं म्हणून प्रोजेक्टरचं सेटिंगही तसंच ठेवलं, तर २७ उलटा! तासभर केबली तपासत बसलो. आरसा स्वतःच एकदा उलटवतो, हे डोक्यातच आलं नाही.

वरच्या-खालच्या कडेला चार बोटं चित्र अजून ताणल्यासारखं दिसतं. फिल्म तिथे नीट गोल बसत नाही. खालचं डॅशबोर्डच्या आड दडवीन, वरचं बघू.

आई विचारते, "एवढं करून विमान जातं कुठे?"

क्लीनर घरचाच आहे, दिवाळीच्या साफसफाईला परत द्यायचाय. त्याआधी ये. काल मी दोन्ही सीटवर बसून पाहिलं, धावपट्टी समोरच.

तुझा,
बाळ्या