मोतुलचा कोश आणि कुत्र्यासाठीचा एक जुना शब्द

पुणे

प्रिय सदानंद,
सप्रेम नमस्कार.

चारशे वर्षांपूर्वीच्या परक्या शब्दकोशात मी एवढे काय शोधतो आहे, असे तू विचारले होतेस. फोनवर ते नीट सांगता आले नसते, म्हणून सविस्तर लिहितो.

हा कोश मेक्सिकोच्या युकातान प्रांतातील मोतुल गावाच्या नावाने ओळखला जातो. त्यात तिथल्या मूळ रहिवासी माया लोकांच्या भाषेतील शब्द आणि त्यांचे स्पॅनिश अर्थ आहेत, आणि तो अंतोनियो दे सिउदाद रेआल या फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने रचला असे मानतात. हा धर्मोपदेशक १५७३ साली युकातानात आला तो दिएगो दे लांदा याच्यासोबत. आणि लांदा म्हणजे तोच, ज्याने १५६२ च्या जुलै महिन्यात मानी येथे माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. ज्या पंथाच्या मंडळींनी पोथ्या जाळल्या, त्यांच्यापैकीच एकाने त्या लोकांची बोली शब्दाशब्दाने उतरवून ठेवावी, हे मला अजूनही पचत नाही. हेतू धर्मप्रसाराचाच होता, हे खरे. पण कान मात्र विलक्षण तयार होता.

आपल्या क आणि ख यांत जसा श्वासाचा फरक आहे, तसा माया भाषेत घसा आवळून आणि न आवळता उच्चारलेल्या क मध्ये आहे, आणि स्पॅनिश कानाला तो सहसा कळत नाही. कोशात साध्या उच्चारासाठी 'सी' आणि आवळलेल्या उच्चारासाठी 'के' हे अक्षर वापरले आहे. 'सी'ने लिहिलेला 'काब' म्हणजे मध, मधमाशी आणि पृथ्वीसुद्धा. 'के'ने लिहिलेला 'काब' म्हणजे हात. एका अक्षराची चूक झाली असती, तर हातात मध आला असता!

आता कुत्र्याविषयी. युकातानात आज कुत्र्याला 'पेक्' म्हणतात. १९५२ साली युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने लांदानेच टिपून ठेवलेली अक्षरचिन्हे हाताशी धरून, जाळपोळीतून वाचलेल्या पोथ्या वाचायला घेतल्या. टर्की पक्ष्याच्या चित्रावरील दोन चिन्हे त्याने 'कु-त्सु', म्हणजे 'कुत्स', अशी वाचली. त्यांतले 'त्सु' कुत्र्याच्या चित्रावरही होते आणि त्यापुढे 'लु' होते. 'त्सुल' म्हणजे कुत्रा, हे त्याला सांगितले ते जुन्या कोशाने. रोजच्या बोलीत मागे पडलेला तो शब्द कोणी टिपलाच नसता, तर हा पडताळा मिळाला नसता.

मला खरी हळहळ वाटते ती निराळ्याच गोष्टीची. हे शब्द ज्यांनी उच्चारून दाखवले, त्यांची नावे कोशावर नाहीत. हस्तलिखितही आज युकातानात नाही. फ्रेंच पाद्री ब्रास्युर द बुर्बुर याने ते मेक्सिको शहरात विकत घेतले, तेथून ते जॉन कार्टर ब्राउन याच्याकडे गेले आणि आता अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे त्याच्याच नावाच्या ग्रंथालयात आहे. युकातानातल्या मेरिदा शहरात कोश छापून निघाला तो १९२९ साली.

तुझ्या मडगावपासून राशोल जवळच आहे. पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे कोंकणीचे व्याकरण १६४० साली तिथेच छापले गेले, आणि त्या काळी गोव्यात पाद्र्यांनी कोंकणीचे शब्दसंग्रहही हाताने लिहून ठेवले होते. जुन्या मराठीतील 'सुणें', म्हणजे कुत्रा, हा शब्द आमच्याकडे कधीच मागे पडला. तुझ्या आईच्या तोंडी मात्र तो रोज असतो. दिवाळीत आलो की आपण दोघे राशोलला जाऊ. आईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
माधव