कोरीची अंडी सोपी, पिल्ले अवघड

संपादक महोदय,

घरगुती शोभिवंत माशांच्या व्यवसायावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. त्यात गप्पी, मॉलीच्या पंगतीला कोरी कॅटफिशही (टाकीच्या तळाशी राहणारा छोटा मिशाळ मासा) बसवली आहे आणि ‘थंड पाणी घातले की अंडी देते’ एवढ्यावर तिची बोळवण केली आहे. वाक्य खोटे नाही. पण अंडी मिळण्यापासून पिल्ले हाताशी येईपर्यंत तीन-चार आठवड्यांचे रोजचे काम असते आणि पिल्ले मरतात ती याच दिवसांत. शिवाय सांगलीत हा थंड पाण्याचा सल्ला जसाच्या तसा पाळला, तर मोठे मासेसुद्धा हातचे जातील.

आपल्याकडे मिळणारी साधी कोरी म्हणजे ब्राँझ किंवा तिचीच पांढरी अल्बिनो. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी तिला कॉरिडोरास वंशातून (जीनसमधून) काढून ऑस्टिओगास्टर वंशात घातले, पण दुकानात ती कोरीच राहणार. नर-मादी बाजूने बघून कळत नाहीत, वरून बघावे. मादी पोटाशी रुंद दिसते, नर सडपातळ आणि थोडा लहान. एका मादीमागे दोन नर ठेवावेत. जोडी म्हणून दोनच मासे विकणाऱ्याचे ऐकू नये. एकदम सहा घ्यावेत. दहा-पंधरा दिवस गोठवलेल्या ब्लडवर्म अळ्या आणि धुऊन बारीक चिरलेले गांडूळ खाऊ घातले की माद्यांची पोटे भरतात. गटारातले जिवंत ट्युबिफेक्स किडे स्वस्त पडतात, पण त्यांबरोबर रोगही येतात.

आता पाणी. कोरी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिथे पाऊस लागला, पाणी गार झाले की तिचा विणीचा हंगाम येतो. त्या हिशेबाने आपला जुलै उत्तम. अडचण अशी की नेमक्या त्याच दिवसांत कृष्णेला गढूळ पाणी येते, शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरिन जास्त पडते. अर्धी टाकी रिकामी करून नळाचे पाणी थेट सोडले तर कल्ले भाजतात, मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. पाणी आदल्या दिवशी ड्रममध्ये भरून एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवावा आणि वर अँटीक्लोरिनही घालावे. बोअरचे पाणी हा त्यावर उपाय नाही. नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यात ते इतके जड असते की पातेल्याला पांढरा थर धरतो. असे पाणी असेल तर निम्मे पावसाचे मिसळावे. मात्र पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्यावेत, पत्र्यावरून आलेले पाणी घेऊ नये आणि ड्रमवर फडके बांधावे, नाहीतर डासांची पैदास आधी होईल. नुसते पावसाचे पाणीही नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे टाकीचा सामू (पीएच) एकदम कोसळतो.

गार म्हणजे बर्फ टाकून गार नव्हे. टाकीत 27 अंश असताना निम्मे पाणी 22 अंशांचे घातले तर सगळे मिळून साडेचोवीस होते, तेवढे पुरते. पहाटे गच्चीवरच्या ड्रममधले पाणी पुरेसे गार असते. ते एअरपंपाच्या बारीक नळीने अर्ध्या-पाऊण तासात सोडावे. मासे काचेवर वरखाली धावू लागले की समजावे, जमले. काहीच झाले नाही तर दोन दिवसांनी पुन्हा करावे.

वीण बघण्यासारखी असते. मादी नराच्या पोटाशी तोंड लावते, दोघांचा इंग्रजी टी होतो. ती त्याचे वीर्य गिळते आणि ते तिच्या आतड्यातून पार होऊन पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर पडते. जपानी संशोधकांनी 1995 मध्ये हे रंग पाजून दाखवून दिले. मग ती दोन-चार अंडी काचेवर चिकटवते आणि परत नराकडे वळते. असे काही तास चालते, शंभरावर अंडी सहज होतात. वीण संपली की आईबापच ती खायला सुरुवात करतात.

अंडे बारीक मोहरीएवढे असते. ताजे असताना कवच मऊ असते, म्हणून तासाभराने ओल्या बोटाने काचेवरून हळूच लोळवून काढावे. लिटरभराच्या प्लॅस्टिक डब्यात त्याच टाकीतले पाणी, फिकट आकाशी दिसेल इतकेच बुरशी रोखणारे मिथिलीन ब्लू किंवा देशी बदामाच्या वाळक्या पानाचा तुकडा, आणि कडेला मंद बुडबुडे. डबा मोठ्या टाकीतच तरंगत ठेवला की तापमान हलत नाही. फळलेली अंडी दुसऱ्या दिवशी तपकिरी होतात. पांढरी पडलेली ड्रॉपरने रोज उचलावीत, नाहीतर त्यांची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवरही पसरते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पिल्ले निघतात.

पहिले दोन दिवस पिल्लू पोटातल्या बलकावर जगते. तेव्हा काहीही घालू नये. इथेच घात होतो. दुकानदार उकडलेल्या अंड्याचा बलक कालवून टाकायला सांगतात, पिल्ले तो खातात थोडा आणि उरलेला रात्रीत नासतो. सकाळी तळाला बोट लावून बघा, बुळबुळीत लागले तर तो जिवाणूंचा थर आहे. कोरीचे पिल्लू त्याच्यावरच पोट टेकून बसते. आधी मिशा झडतात, मग पर, मग पिल्लू.

खायला नुकताच फुटलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, द्यावा. बाटलीचे बूड कापून ती उलटी टांगावी. लिटरभर पाणी, 25 ग्रॅम आयोडीन नसलेले जाडे मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, तळापर्यंत सोडलेली हवेची नळी. 28 अंशांना 24 तासांत फुटतो. पावसाळी गारव्यात 36 तासही लागतात, म्हणून शेजारी बल्ब लावावा. हवा बंद करून दहा मिनिटे थांबले की टरफले वर आणि नारिंगी जीव खाली. नळीने खालचे तेवढे ओढून तलम फडक्यातून गाळावे आणि गोड्या पाण्याने धुवावे. कोरीला मीठ सोसत नाही. आर्टेमियाची पहिली बाटली पिल्ले निघतील त्याच दिवशी लावावी आणि पुढे रोज एक. आर्टेमियाच्या अंड्यांचा डबा मात्र आधीच आणून ठेवावा, पिल्ले निघाल्यावर शोधायला गेलात तर उशीर झालेला असतो.

दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे खाऊ घालावे, संध्याकाळी तळ पुसून निम्मे पाणी बदलावे, तेही त्याच तापमानाचे. ओढलेले पाणी पांढऱ्या बादलीत घ्यावे म्हणजे चुकून आलेली पिल्ले दिसतात. पाणी चार बोटेच खोल असावे. कोरी अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेते, तो आतड्यातून शोषते. म्हणून वर तेलकट साय धरू देऊ नये. आठवड्याने पिल्ले मोठ्या भांड्यात हलवावीत, तिथे जुन्या टाकीत मुरलेला स्पंज फिल्टर लावावा. कोरा स्पंज उपयोगाचा नाही. मोठी कोरी मात्र जाळीने धरू नये. तिच्या परांचे काटे जाळीत अडकतात, सोडवताना मोडतात. मगाने उचलावी.

आणखी एक. लेखात शेवटी ‘सकर’चीही (काचेवरचे शेवाळ खाणारा मासा) पैदास सुचवली आहे. हा मासा हातभर वाढतो आणि नदीतळ्याचे काठ पोखरून बिळे करतो. टाकीत मावेनासा झाला की लोक तो पिशवीत घालून नदीच्या घाटावर सोडायला नेतात. त्याऐवजी त्याच्याच जातकुळीतला, छोटा राहणारा ब्रिसलनोझ पाळावा. एका तोंडाला बंद केलेला दीड इंची पाइपचा वीतभर तुकडा, लाकडाचा ओंडका आणि काकडीची फोड एवढे त्याला पुरते. अंडी नर स्वतः राखतो, त्यामुळे ती काढायचीही गरज नाही.

आपले,
घरी मासे वाढवणारे काही वाचक
विश्रामबाग, सांगली